आमच्या हेडबाईंचं नाव दिल्लीला कोण पाठवणार?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरंच आत. गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत आज १९ मुलं आहेत, पहिली ते चौथी मिळून. शिक्षिका दोन. त्यांतल्या थोरल्या आमच्या हेडबाई. मी ह्याच शाळेत शिकले, पण माझ्या वेळी ह्या बाई नव्हत्या. त्या इथे बदलून आल्या त्याला ११ वर्षं झाली. आता माझी लेक तिसरीत त्यांच्या हाताखाली आहे.

बाई आल्या तेव्हा पटावर सात मुलं होती. शाळा आज मिटते की उद्या, एवढंच गावात बोलणं. पहिल्याच वर्षी त्यांनी काय केलं ते सांगते. आमच्याकडे मार्च ते मे काजूचा हंगाम. घरंच्या घरं पहाटे बागायतीत जातात आणि बोंडू (काजूची फळं) गोळा करायला मुलांचे हात लागतातच. दरवर्षी ह्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा पडायचा आणि पालकांना बोल लावले जायचे. बाईंनी कुणालाच बोल लावला नाही. शाळा सुटली की वही घेऊन त्या स्वतः डोंगर चढायच्या. बिया मोजताना दशक-एकक, तराजूवर किलो-ग्रॅम, आणि आजचा भाव काय, काल काय होता, ह्यातून वजाबाकी. आमचे शेजारी, ज्यांनी आयुष्यात कधी शाळेची पायरी चढली नव्हती, ते पोराबरोबर बसून हिशेब मांडायला शिकले. दुसऱ्या वर्षी त्यांनीच मुलाला हंगामातसुद्धा सकाळी शाळेत पाठवलं आणि बोंडू स्वतः वेचले.

दुसरी गोष्ट मला अजून मोठी वाटते. चार वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षिका कंत्राटावर आमच्याकडे आली. पहिल्या महिन्यात रोज रडायची, सोडून जाते म्हणायची. बाईंनी तिला सगळ्यांत कठीण म्हणजे पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग दिला नाही, तो स्वतःकडे ठेवला. तिला चौथी दिली, आणि दुपारी स्वतःची मुलं चित्रं काढायला बसवून तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. ती शिकवत असताना मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. शाळा सुटल्यावर दोघी ओट्यावर बसून बोलायच्या. आज तिचा वर्ग बघायला शेजारच्या शाळांतल्या शिक्षिका येतात. बाईंचा वर्ग बघायला कुणी येत नाही, आणि त्याचा त्यांना आनंदच वाटतो.

ह्या ५ सप्टेंबरला घरी दूरदर्शन लावलं होतं. दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार देत होते. लेक म्हणाली, "आई, आमच्या बाईंक केन्ना दितले?" (आमच्या बाईंना कधी देणार?)

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याचा अर्ज ज्याचा त्यानंच करायचा असतो गो. मी चांगली आहे असं मी माझ्या हातानं कसं लिहू?"

तेव्हापासून मला चैन नाही. अशी माणसं अर्ज करणार नाहीत, आणि अर्ज नाही तर पुरस्कारही नाही. मग आपण गावकऱ्यांनी काय करायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

निवृत्त हेडमास्तर

बाय, तू लिहिलंस ते वाचून डोळे भरले. मी बार्देशात ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची १२ हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून. ह्या पुरस्काराचे नियम मला बऱ्यापैकी माहीत आहेत, कारण दोन सहकाऱ्यांचे अर्ज मी बसून भरून घेतले आहेत. जरा सविस्तर सांगतो.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी शिक्षक दिन पाळण्याची प्रथा त्यानंतरची, १९६२ ची. पूर्वी राज्य सरकारं नावं पाठवायची आणि देशभरात तीनशेहून जास्त पुरस्कार दिले जायचे. नाव वर जायचं ते बहुधा कुणाच्या तरी ओळखीनं, ही तक्रार जुनीच. २०१८ मध्ये केंद्रानं सगळी रीतच बदलली. शिक्षकानं स्वतः सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, कुणाची शिफारस लागणार नाही, आणि पुरस्कार पन्नासाच्या आत आणले. त्या वर्षी देशभरातून ४५ जण निवडले गेले. २०२३ पासून ह्याच सोहळ्यात उच्च शिक्षणातल्या आणि कौशल्य शिक्षणातल्या शिक्षकांनाही गौरवतात. त्या वर्षी एकूण ७५ होते, त्यांत शाळांचे ५०.

तू 'स्वतःच लिहायचं' म्हणून खंत केलीस, पण ही रीत आणण्यामागचा हेतू चांगला होता. ज्याला कुणी वाली नाही अशा डोंगरातल्या शिक्षिकेलाही दार उघडं असावं. दार उघडं आहे, पण लाजरं माणूस उंबऱ्यावरच थांबतं, हे तुझं म्हणणंही खरंच.

अर्जाचा प्रवास असा असतो. आधी जिल्हा समिती छाननी करते, मग राज्य समिती, मग राष्ट्रीय ज्यूरी. ज्यूरीसमोर उमेदवाराला आपलं काम मांडून दाखवावं लागतं. गुण शंभर. त्यांतले थोडे कागदोपत्री तपासता येतील अशा गोष्टींना: गोपनीय अहवाल (वरिष्ठ दरवर्षी लिहितात तो), हजेरी, प्रशिक्षणं, पट वाढवण्यासाठी आणि गळती रोखण्यासाठी केलेलं काम. उरलेले, आणि तेच जास्त, प्रत्यक्ष कामगिरीला: वर्गातले नवे प्रयोग, अभ्यासाबाहेरचे उपक्रम, समाजाला शाळेशी जोडणं. आता तूच बघ, काजूच्या बागायतीतला तो हिशेब ह्यांतल्या किती ठिकाणी बसतो!

पात्रता अशी. किमान दहा वर्षांची नियमित सेवा हवी. खाजगी शिकवण्या घेणारा चालत नाही. कंत्राटी शिक्षक बसत नाहीत, त्यामुळे त्या धाकट्या बाईंना सध्या अर्ज करता येणार नाही. शिक्षणाधिकारी, निरीक्षक वगैरे मंडळींनाही नाही. निवृत्तांना नाही, मात्र त्या वर्षी निदान चार महिने सेवेत असलेला चालतो. मुख्याध्यापकांना वेगळा पुरस्कार नाही. शिक्षक आणि शाळाप्रमुख एकाच रांगेत उभे असतात. प्रशस्तिपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये.

आपल्या राज्यात मुख्यमंत्री वशिष्ठ गुरू पुरस्कारही आहे, तो विसरू नकोस.

बाईंची सेवा किती झाली आणि निवृत्ती कधी, ते कळव. पुढचं मी बघतो.

पालक फोंडा

मला वेगळं बोलायचं आहे. राग मानू नका.

माझा मुलगा ज्या शाळेत होता तिथल्या प्रमुखांना पुरस्काराचा ध्यास लागला होता. शाळेचं नाव घेत नाही. पूर्ण एक सत्र मुलं फोटोंसाठी उभी होती. एकच झाड दोनदा लावलं, कारण पहिल्या वेळी उजेड कमी होता. वाचनालयाचं उद्घाटन झालं, चित्रीकरण झालं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकं कपाटात कुलूपबंद. माझ्या मुलानं विचारलं, "बाबा, ही पुस्तकं वाचायची कधी?" त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

म्हणून पुरस्कार म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सत्तरीच्या बाई खऱ्या आहेत ह्याबद्दल मला शंका नाही. पण अर्जाला जोडलेली फाइल आणि व्हिडिओ बघून दिल्लीतल्या माणसाला खरं-खोटं कसं कळणार? ज्या शाळा शांतपणे चालल्या आहेत त्यांना ह्या शर्यतीत ओढूच नये असं मला मनापासून वाटतं.

काणकोणची मास्तरीण

पालक फोंडा, तुमचं दुःख पोचलं. पण तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. खोट्यांनी अर्ज केले म्हणून खऱ्यांनी घरी बसावं, तर मग यादीत उरणार कोण?

मी स्वतः दोन शिक्षकी शाळेत 'हेड' आहे. हेड अवतरणात का टाकलं ते सांगते, कारण पुरस्काराच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला मुख्याध्यापक द्यायचा तो मुलं १५० च्या वर असतील तर. ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, बस. आपल्या गोव्यात गावोगावच्या सरकारी प्राथमिक शाळांत दीडशे मुलं कुठे आहेत? म्हणजे सड्यावरचीच्या हेडबाई किंवा मी, आमच्याकडे खुर्ची नाही, आहे ती नुसती जबाबदारी. वर्ग आधी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात मुख्याध्यापक व्हायचं.

त्या उरलेल्या वेळात काय काय येतं? सकाळी आल्याबरोबर पाण्याची टाकी बघायची. बचत गटाच्या बायका माध्यान्ह आहार आणतात तो आधी स्वतः चाखायचा, मग मुलांना वाढायचा, मग नोंद करायची. यूडायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची, माहिती भरायची. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून फोन येतो, आजच्या आज आकडे पाठवा. पावसात कौल सरकलं की माणूस शोधायचा. पालक-शिक्षक संघाची बैठक बोलवायची आणि तिचं इतिवृत्तही आपणच लिहायचं. निवडणूक आली की त्या कामाला जायचं. एखाद्या पोराला ताप आला की त्याला पाठीवर घेऊन घरी पोचवायचं, आणि तोवर दोन्ही वर्ग दुसऱ्या शिक्षिकेच्या भरवशावर. मी एक दिवस रजेवर होते तर दुसऱ्या दिवशी पहिलीतला मुलगा कमरेवर हात ठेवून विचारतो, "बाई, तुमी काल कित्याक येवंक नात?" (काल का आला नाहीत?) मुख्याध्यापकाला असं दटावणारं दुसरं कुणी नसतं.

आता सांगा, ह्यातून व्हिडिओ कधी काढायचा? पोर्टल उघडतं ते साधारण शाळा नव्यानं सुरू होण्याच्या सुमाराला. तेव्हा आम्ही दाखले, पुस्तकं, गणवेश आणि गळणारं छप्पर ह्यांत बुडालेले असतो. मोठ्या शाळेच्या प्रमुखाकडे कारकून असतो, संगणकाचे शिक्षक असतात. माझ्या शाळेत मोबाइलला रेंज हवी असेल तर मागच्या टेकडीवर जावं लागतं. मी कुणाला दोष देत नाही. फक्त एवढंच म्हणते की सगळ्यांना एकच अर्ज असला तरी तो भरायला बसणारे हात सगळीकडे सारखे नसतात.

म्हणून सड्यावरची, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: होय, तुम्हीच करा. बाईंच्या नावानं, बाईंच्या परवानगीनं, पण हात तुमचे.

बॉस्टनहून बार्देशकर

काणकोणच्या बाईंना साष्टांग नमस्कार.

इथली एक माहिती देतो. अमेरिकेत मुख्याध्यापकांसाठी वेगळाच राष्ट्रीय सन्मान आहे. प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची जी राष्ट्रीय संघटना आहे ती १९८४ पासून तो देते. 'नॅशनल डिस्टिंग्विश्ड प्रिन्सिपल्स' म्हणतात. मला त्यातल्या दोन गोष्टी आवडतात. एक म्हणजे नाव पुढे येतं ते राज्यातल्या मुख्याध्यापकांच्या संघटनेकडून, म्हणजे ज्यांना ह्या कामातले खाचखळगे माहीत आहेत त्यांच्याकडून. दुसरी म्हणजे राज्यामागे एक. कॅलिफोर्निया केवढं आणि वायोमिंग केवढं, लोकसंख्येत एक सगळ्यांत मोठं आणि दुसरं सगळ्यांत लहान, तरी दोघांचा मान सारखाच. गोव्यासारख्या राज्यातल्या माणसाला ह्याचं मोल लगेच कळतं.

आपल्याकडे २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा इथल्या मराठी घरांत दिवाळी झाली होती. दहा लाख डॉलरपैकी निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांना वाटून दिले. एका जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव जगात गेलं. माझ्या ऑफिसातल्या माणसांनी मला विचारलं, तुमच्याकडे खेड्यातल्या शाळेत असं काम होतं? मी म्हटलं, होतं, तुम्हाला कळत नाही एवढंच. पुरस्काराचं काम तेच आहे, कळवणं.

पालक फोंडा

काणकोणच्या बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'मग उरणार कोण' ह्या प्रश्नावर मी गप्प झालो. तरी माझी शंका शिल्लक आहे. ओळखायचं कसं? मुख्याध्यापक चांगला की फक्त त्याची फाइल चांगली?

निवृत्त हेडमास्तर

फोंडेकर, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर मी आयुष्यभर विचार केला आहे.

शिक्षक चांगला की नाही हे त्याच्या वर्गात बसलं की अर्ध्या तासात कळतं. मुख्याध्यापकाचं तसं नाही. तो शाळेत असताना शाळा चांगली चालली तर त्याला शंभरातले चाळीस द्या. तो महिनाभर रजेवर गेला आणि तरीही शाळा तशीच चालली तर पुढचे तीस. आणि त्याची बदली होऊन तीन वर्षं झाली, तरी त्यानं लावलेली शिस्त, प्रार्थनेनंतरचं ते पाच मिनिटांचं वाचन, पालकांचं न बोलावता येणं, हे टिकलं असेल तर उरलेले सगळे. मी ज्यूरीत असतो तर उमेदवाराच्या आधीच्या शाळेत माणूस पाठवला असता.

माझ्या स्वतःच्या पहिल्या हेडमास्तरांची आठवण सांगतो. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावागावांत मराठी प्राथमिक शाळा निघू लागल्या. इमारती कुठल्या? देवळाचा मंडप, कुणाची ओसरी, कुणाचं गोदाम. शिक्षकही कमी, म्हणून सावंतवाडी-बेळगावकडून माणसं आली. आमचे मास्तर त्यांतले. देवळाच्या मंडपात शाळा. उत्सव आला की फळा उचलून आंब्याखाली. ते पाच वर्षांनी बदलून गेले. जाताना त्यांनी गावातल्या दोन मुलींना शिक्षिका होण्यासाठी पुढे शिकायला घरच्यांकडून कबूल करून घेतलं होतं. त्यासाठी एकेका घरी किती खेपा घातल्या ते माझी आई सांगायची. त्या दोघींनी पुढची तीस वर्षं आमच्या आसपासच्या शाळा सांभाळल्या. मास्तरांना कुठलाही पुरस्कार मिळाला नाही. त्यांचा फोटोदेखील गावात कुणाकडे नाही. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, फाइल वाईट नाही. त्या मास्तरांची एखादी फाइल असती तर आज माझ्या नातवाला दाखवली असती. फाइल कोण लिहितं आणि तिच्यात काय लिहितं, तिथे सगळं आहे.

डिचोलीचा

धागा छान चाललाय. एक विचारतो, सरकारी मराठी शाळा बंद पडतायत, इंग्रजी माध्यमाकडे ओढा आहे, अशा वेळी पुरस्कारानं काय होणार? १९९० च्या माध्यमाच्या वादापासून आपण हेच बघतोय.

काणकोणची मास्तरीण

दादा, माध्यमाचा धागा वेगळा काढा, तिथे मी भांडायला येईन. इथे एवढंच सांगते: माझ्या शाळेत पालक मूल घालतात ते माध्यम बघून नाही, बाई कोण आहेत ते विचारून. सात मुलांची शाळा १९ वर गेली ती कशानं गेली ते धागाकर्तीनं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे. शेजारच्या गावातल्या पालकाला ते कळलं तर त्याची शाळाही वाचेल.

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं. चार दिवस लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही हातात नव्हतं. आता आहे.

काल रविवारी मी बाईंच्या घरी गेले. बरोबर पालक-शिक्षक संघाच्या अध्यक्षा आणि त्या धाकट्या बाई. हेडमास्तर सरांचा प्रतिसाद मी मोबाइलवर उतरवून नेला होता, तो वाचून दाखवला. सेवा विचारली. २९ वर्षं झाली, निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. शिकवण्या कधीच घेतल्या नाहीत. म्हणजे पात्रता आहे.

तरी बाई नाहीच म्हणत होत्या. "माझं काय त्यात? मुलं हुशार आहेत, पालक चांगले आहेत." तेव्हा धाकट्या बाई जे बोलल्या ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाल्या, "बाई, तुम्ही माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत होता तेव्हा मला वाटायचं, तुम्ही माझ्या चुका लिहून घेता. वर्षभरानं मी ती वही चोरून पाहिली. त्यात एक चूक नव्हती. मी काय चांगलं केलं तेवढंच तारीख घालून लिहिलं होतं. मी राहिले ती त्या वहीमुळे. आता तुमची तशी वही आम्ही लिहितो, तुम्ही नाही म्हणायचं नाही."

बाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या.

पेटीत आणखी एक वही होती. हिची आम्हा कुणालाच कल्पना नव्हती. चौथी पास होऊन शाळेतून गेलेलं प्रत्येक मूल तिच्यात आहे. ११ वर्षांची मुलं. प्रत्येकाचं नाव, पुढे कुठल्या शाळेत गेलं, सहावीत कसं आहे, आठवीत कसं आहे, दहावी झालं का, पुढे काय घेतलं. दर मे महिन्यात त्या घरोघर जाऊन विचारून यायच्या. आम्हाला वाटायचं बाई काजूच्या दिवसांत सहज भेटायला येतात. ४३ नावं आहेत. दोघांनी शाळा अर्ध्यावर सोडली. त्या दोन नावांपुढे पानभर तारखा आहेत. त्या घरी कधी गेल्या, कोण भेटलं, काय म्हणाले. एकाच्या पुढे शेवटची नोंद ह्याच वर्षीची: वाळपईला गॅरेजमध्ये काम करतो, रात्री वाचायला पुस्तक मागितलं, दिलं.

मी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या, "चौथीनंतर माझी जबाबदारी संपते असं कागदावर आहे. पण मूल तर चौथीतच संपत नाही ना गो."

पालक फोंडा, तुम्ही विचारलं होतं ओळखायचं कसं. मला वाटतं मी काल ते पाहिलं.

बाई तयार झाल्या आहेत, पण दोन अटींवर. अर्जात धाकट्या बाईंचं काम त्यांच्या नावानं लिहायचं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं म्हणायचं नाही. आणि व्हिडिओसाठी मुलांना एक तासही वर्गाबाहेर काढायचं नाही. जे रोज चालतं तेच टिपायचं. जमलं तर जमलं, नाही तर नाही.

आता मला मदत हवी आहे. मराठीतून मी लिहीन, पण नीट मांडणी कशी करायची? आणि व्हिडिओ कोण काढेल? आमच्याकडे मोबाइल आहेत, पण जोडणं-कापणं कुणाला येत नाही.

पालक फोंडा

ताई, व्हिडिओ मी करतो. लग्नसमारंभांचं चित्रीकरण हा माझा धंदाच आहे, हे मी आधी सांगितलं नव्हतं. एक पैसा घेणार नाही. मुलांना उभं करणार नाही, कुणाला पुन्हा कर म्हणणार नाही. सकाळी शाळा उघडण्याआधी येऊन कोपऱ्यात बसतो, संध्याकाळपर्यंत बसतो. माझ्या मुलालाही घेऊन येईन, त्याला अशी शाळा बघायची आहे.

बॉस्टनहून बार्देशकर

मांडणी आणि टंकलेखन माझ्याकडे द्या. माझी रात्र म्हणजे तुमचा दिवस, तुम्ही संध्याकाळी पाठवलंत की सकाळी तयार मिळेल. शाळेला रेंज नाही म्हणून पोर्टलवर चढवायचं काम वाळपईत कुणाच्या तरी घरून करू.

काणकोणची मास्तरीण

सड्यावरची, तुझ्या बाईंची ती वही वाचून मी आज शाळा सुटल्यावर एक कोरी वही काढली. माझ्याकडे आठ वर्षांची मुलं आहेत. सात नावं अशी निघाली की ती पोरं आता कुठे आहेत ते मला माहीत नाही. शनिवारपासून शोधायला सुरुवात करते.

निवृत्त हेडमास्तर

बाय, तीन गोष्टी ध्यानात ठेव.

ती ४३ नावांची वही तशीच्या तशी अर्जाला जोडू नकोस. मुलांची, घरांची खाजगी माहिती आहे तिच्यात. विशेषतः त्या दोघांची. नावं झाकून दोन-तीन पानांचे फोटो घे, बाकी आकड्यांत लिही. बाईंना हे आधी विचार, त्यांनाही तेच वाटत असेल.

गोपनीय अहवाल आणि प्रशिक्षणांचे दाखले आत्तापासून गोळा करा. पोर्टल उघडल्यावर धावपळ नको. सेवापुस्तिकेतल्या तारखा आणि अर्जातल्या तारखा जुळल्या पाहिजेत, तिथे चांगले चांगले अर्ज अडकतात.

आणि बाईंच्या आधीच्या शाळेचं गाव मला कळव. मी तिथे जाऊन येतो. बाईंना तिथून जाऊन ११ वर्षं झाली, तिथे अजून त्यांचं काय शिल्लक आहे ते माझ्या डोळ्यांनी बघून लिहून देतो.

येत्या रविवारी सकाळच्या कदंब बसनं म्हापशाहून निघतो. वाळपईच्या स्टँडवर ये, तिथून पुढचा रस्ता मला ठाऊक नाही.